तांबेऱ्याचं मौन

अनुराधाला आयतंच फावलं होतं. तिचे आप्पा, जिनाप्पा, जैनांच्या दशलक्षण पर्वात दिवस मावळेपर्यंत मौन पाळत. म्हणजे तिला मध्येच अडवणारं घरात कुणी नव्हतं.

निपाणीजवळच्या त्यांच्या सोयाबीनवर तिची दोन वर्षांची मेहनत उभी होती. बेळगावच्या प्रयोगशाळेत बनवलेलं फवारणीचं पाणी तिनं गाडीतून आणलं होतं. शेजारच्या रानात पानांवर तांबेऱ्याची बुरशी आली होती. आज ऊन उतरल्यावर फवारलं तर तिच्या संशोधनाची चाचणी वाचणार, पर्व संपायची वाट बघितली तर सगळ्यावर पाणी. आणि आप्पा पर्वात औषध मारत नसत. बुरशी झाली म्हणून काय, जीवच तो!

"आप्पा, हे विष न्हवंच," ती ओसरीवर मांडी ठोकून बसत म्हणाली. "बुरशीच्या पेशीत डीएनए म्हणजे घरातला कारभारी. जागचा हलत न्हाय. त्याचा निरोप आरएनए घिऊन जातो, मग कामं होत्यात. आणि काही बारके आरएनए राखणदार असत्यात. परका निरोप दिसला की त्याचे तुकडे पाडायचे. आम्ही तांबेऱ्याच्याच एका निरोपासारखा आरएनए पानावर मारतो. त्याचे राखणदार फसत्यात, घरचा निरोपबी कापत सुटत्यात. पानात शिरायचा हुकूम पोचतच न्हाय. मौनच की, तुमच्यासारखं!"

आप्पा मिशीत हसले. मग छातीवर हात ठेवून त्यांनी बोटं हवेत उडवली.

"जीव जातोय का, विचारायलेत," आई, लक्ष्मीबाई, म्हणाली.

'नाही' जिभेवर तयारच होतं. सभांमधून ती तेच सांगायची, मारत नाही, फक्त गप्प करतो. टाळ्याही पडायच्या. पण समोर बाप होता, आणि त्याला फसवून मिळवलेलं रान तिला नको होतं.

"जातोय, आप्पा. पानात शिरता आलं न्हाय तर उपाशी मरतंय ते."

आप्पा उठले आणि सरळ रानाकडं चालू लागले.

"न्हाय म्हटलं असतंस तर जीभ झडली असती गं?" आईनं कपाळावर हात मारला. अनुराधानं पंप परत गाडीत टाकला. लई वाईट वाटलं तिला, पण मान खाली गेली नाही.

दिवस मावळला. आप्पा परतले ते बोलतच. "पंप कुठाय?"

"गाडीत. निघालेच मी."

"काढ. माझ्या पाठीला लाव. न्हाय म्हणाली असतीस तर रानात पाऊल टाकू दिलं नसतं."

"पण पर्वात, आप्पा?"

"पर्व संपूस्तर तांबेरा थांबणाराय व्हय? पाप हाय ते हायच. एकटीच्या डोक्यावर कशाला?"

बांधावर पोचल्यावर त्यांनी पंपाचा दांडा मारायच्या आधी पानांपुढं हात जोडले.

"क्षमा कर रं बाबा," ते तांबेऱ्याला म्हणाले. "मी दिसभर गप बसलो. आता पाळी तुझी."