उजवीकडं बघायचं न्हाई

"साडेतीन तास लई झाले शेठ. मी सव्वातीनलाच येऊन चहा पेत बसलेला दिसंन तुम्हाला."

असं राजानंद भर मिलमधी बोलला आन चाळीस जणांनी ऐकलं. मिल जालना एमआयडीसीतली, लोखंडी सळयांची. मालक राधेश्यामशेठला लेकीनं पावलं मोजायचं घड्याळ दिल्तं, तव्हापासून त्यांना पळण्याचं याड लागलं होतं. फेब्रुवारीत बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन होती. कंपन्यांसाठी वेगळा कप होता, टीमला पाच माणसं लागत होती. शेठनं जाहीर केलं, टीममधला जो साडेतीन तासाच्या आत येईल त्यो परमनंट.

राजानंद बारा वर्षांपासून ठेकेदाराकडं होता. दर सहा महिन्याला त्याला नवं ओळखपत्र मिळायचं, जसं काही मधल्या टायमात त्यो मरून परत जल्मलाय.

पहिल्या रविवारी ट्रायल झाली. राजानंद चार तास पन्नास मिनटानं आला. त्याच्या पुढं बासष्ट वर्षांचे अंगद सर आल्ते, आन तेबी वाटेत एका मांडवात थांबून, नवरदेवाच्या मामाला भेटून, पोहे खाऊन.

घरी बायकोनं, सत्यशीलानं विचारलं, "चहा ठेवू, का तुमचा तिकडंच झाला?"

अंगद सर म्हणजे शाळेतले रिटायर पीटीचे मास्तर. शेठनं त्यांना टीम शिकवायला ठेवलं होतं. सरांनी राजानंदचं पळणं मोबाईलमधी घेतलं आन त्यालाच दाखवलं.

"तू पळून राह्यला का कुणाला हुडकून राह्यला?"

बघतो तर उजवा खांदा खाली, आन दर चौथ्या पावलाला मान उजवीकडं.

"चिमट्याची सवय हाय सर," राजानंद म्हणला.

खरंच होतं ते. मिलमधी लालभडक सळई एका रुळातून सणसणत बाहेर येती. तिचं तोंड चिमट्यानं धरायचं आन पुढच्या रुळात घालायचं, हे त्याचं काम. कव्हामव्हा सळई रूळ चुकती आन सापासारखी उजव्या अंगाला उडती. म्हणून चिमटा धरणाऱ्याचा एक डोळा कायम उजवीकडं. बारा वर्षांत राजानंदची मान आपोआप वळायला लागली होती. जेवताना, फोटो काढताना, विहारात वंदनेला बसल्यावर बी.

"मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की पाऊल तिरपं पडतं," सर म्हणले. "बेचाळीसमधले दोन किलोमीटर तू नुसता आडवा पळतो. समोरची दहा हात जागा बघायची. पावलं मोजायची. बाजूला जगबुडी झाली तरी बघायचं न्हाई."

जुन्या जालन्यातल्या एका टांगेवाल्याकडून सरांनी घोड्याच्या डोळ्याला लावायचं चामड्याचं झापड पैदा केलं आन राजानंदच्या टोपीला उजवीकडून शिवलं. त्यो तसा अंबड चौफुलीवरून पळायला लागला की रिक्षावाले अदबीनं बाजूला व्हायचे. कुत्रे मातर व्हायचे न्हाईत.

"चारा कव्हा टाकू?" सत्यशीला विचारायची.

पण गुण आला. चार तास पाच. मंग तीन चाळीस. जानेवारीत तीन एकतीस. झापड काढलं तरी मान हलंना, चष्म्याच्या जाहिरातीतल्या माणसासारखी ताठ. एकदा बाजारात उजवीकडून टेम्पो आला, सत्यशीलानं बाही धरून वढला म्हणून वाचला.

"आवं, मिलमधी तरी बघत जा."

"मिलमधी बराबर बघतो," राजानंद म्हणला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मॅरेथॉनला बारा दिवस राह्यले असताना, सकाळच्या पाळीत सळई रूळ चुकली. सगळे वरडले. राजानंद समोरची दहा हात जागा बघून राह्यल्ता. एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस, असं मनात चालू होतं. उजवा पाय घोट्याच्या वरून तुटून गेला. डॉक्टर म्हणले, कापलेली जागा जळून बंद झाली म्हणून रगत कमी गेलं, नशीबवान हाय.

शेठ सफरचंद घेऊन दवाखान्यात आले. बराच वेळ बसले. त्यांचे डोळे भरले. मंग म्हणले, "राजानंद, तुझा छातीवर लावायचा नंबर कुठं हाय रे? टीममधी चार राह्यले. आता मॅरेथॉनवाले नाव बदलून देत न्हाईत."

नंबर घरी खिळ्याला होता. रातपाळीचा मच्छिंद्र त्यो लावून पळाला. तीन तास अठ्ठावीस मिनटं. निकालात नाव आलं राजानंदचं.

शेठ शब्दाचे पक्के. आठव्या दिवशी राजानंदच्या घरी परमनंटची ऑर्डर आली. सत्यशीलानं ती दोनदा वाचली. महिन्याच्या आत हजर व्हावे, सोबत दोन्ही पाय शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखला, न्हाईतर ऑर्डर रद्द.

ऑफिसातल्या क्लार्कनं फोनवर तोड काढली. "मच्छिंद्रलाच हजर होऊ द्या की. नाव तर तुमचंच राह्यतंय."

"पाय माझा गेला, नोकरी बी माझीच हाय," राजानंद म्हणला आन फोन ठिवला.

महिना सरायच्या एक दिवस आधी त्यो कुबडी घेऊन मिलच्या गेटवर गेला. उभ्यानं जमंना तर बसून करायचं काम द्या, असं म्हणायचं त्यानं ठरवलं होतं. गेटवर वॉचमन रखमाजी होता. त्यानं रजिस्टर बघितलं.

"राजानंद सकाळीच आत गेला," रखमाजी म्हणला. "नवं ओळखपत्र हाय त्याच्याकडं. फोटो मच्छिंद्रचा हाय, पण नाव बराबर हाय."

"तू मला वळखत न्हाई का रखमाजी?"

"बारा वर्षांपासून वळखतो. म्हणून तर खुर्ची देऊन राह्यलो. पण आत कसं सोडू? एका नावाला एकच माणूस."

राजानंद खुर्चीत बसला न्हाई. त्यो घरी जायला वळला. नजर समोरच्या दहा हात जागेवर होती. उजवीकडची कुबडी सरकत्या गेटच्या रुळात अडकली आन त्यो पडला.