आधी तू निवड

"सोड म्हणतो ना!"

"तू सोड आधी! ही दोरी आमची आहे."

गच्चीवर दोन धुणारे एकाच ओल्या चादरीची दोन टोकं धरून ओढत होते. एक आत्याचा माणूस, दुसरा तिच्या भाच्याचा. मी इस्त्रीचं गाठोडं घेऊन जिन्यातच थबकले. चादर टर्रकन फाटली आणि दोघंही पाठीवर आपटले.

लाँड्री आत्याची; आम्ही कामाला असलेलेही तिला आत्याच म्हणायचो. पोरक्या भाच्याला तिनंच वाढवलं, धंद्याला लावलं. पुढे त्यानं हॉटेलांचं काम आणलं. आत्याकडे दवाखान्याचं होतंच. काम दुप्पट झालं, गच्ची मात्र तेवढीच राहिली. चादरी वाळत घालण्यावरून रोज तू तू मी मी.

त्या दिवशी आत्यानं माणसांना खाली पिटाळलं. मी जिन्यातच राहिले.

"आपल्या दोघांत भांडण नको रे," ती भाच्याला म्हणाली. "एका गच्चीवर आता आपलं भागत नाही. वेगळे होऊ. पुढचं दुकान, मशिनं, गच्ची हा एक वाटा. मागचं आवार अन् हौद हा दुसरा. आधी तू निवड. उरेल ते माझं."

निदान लाजेकाजेस्तव तरी तो म्हणेल, 'आत्या, तूच सांग.' पण भाचेबुवांनी एकवार खाली रस्त्याकडे पाहिलं.

"पुढचं," तो म्हणाला.

"बरं," आत्या म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या हौदावर बादल्या भरता भरता मी विचारलंच, "आत्या, अहो, दुकान तुम्ही उभं केलंत, अन् निवड त्यानं करायची?"

"अब्राहामानंही असंच केलं होतं." बायबलातलं शास्त्र तिला तोंडपाठ, मी त्यातली कोरी पाटी. "त्याचे अन् पुतण्याचे गुराखी चराईवरून भांडायला लागले. वडीलधारा तो, पण म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. पुतण्यानं, लोटानं, हिरवंगार खोरं उचललं. म्हातारा राहिला माळावर."

"मग?"

"देव त्याला म्हणाला, नजर पोचेल तेवढा मुलूख तुझा."

"त्याला देवानं सांगितलं. तुम्हाला कुणी सांगितलंय?"

आत्या हसली. "मला नाही सांगितलं अजून. देव मागच्या आवारात येतो का, हेच तर बघायचंय."

मला हा नवाच प्रकार वाटला. श्रद्धा असलेल्यांना सगळं आधीच ठाऊक असतं, असं मी समजत होते. हिला तर उत्सुकता होती! मग मीही येताजाता त्या आवाराकडे बघू लागले. चमत्कार म्हणावा असं काही दिसलं नाही. आम्ही हातानं धूत राहिलो, आणि दवाखान्यानं काम काढून घेतलं नाही, एवढंच.

दीड-दोन वर्षांनी एका सकाळी पुढच्या दुकानातून धूर निघाला. कपडे वाळवायचं मशिन पेटलं होतं. माणसं वाचली, मशिनं गेली. हॉटेलात संध्याकाळी पाहुण्यांची मोठी तुकडी उतरणार, आणि धुराचा वास मारणाऱ्या चादरींच्या ढिगाजवळ भाचा डोकं धरून बसलेला.

"करावं तसं भरावं," आमचा धुणारा पुटपुटला.

"तोंड नंतर चालव, आधी हौद भर," आत्या म्हणाली. भाच्याला तिनं दंड धरून उठवलं. "ऊठ. रडायचं तर पिळता पिळता रड."

दिवसभर सगळे राबलो. गच्चीवर भांडलेले ते दोघं समोरासमोर उभे राहून चादरी पिळत होते.

"त्या लोटावरही संकट आलं होतं का?" मी विचारलं.

"आलं ना. शत्रूनं धरून नेला. अब्राहामानं सोडवून आणला."

"मग राहिला काकाजवळ?"

आत्यानं चादर झटकली. "नाही गं. गेला पुन्हा आपल्या गावाला."

उन्हं कलली तेव्हा टेम्पो भरला. भाचा घुटमळला. "आत्या, मी..."

"उशीर होतोय. नीघ."

"विमा मिळाला की दुकान परत उभं करीन."

"कर की."

टेम्पो सुरू झाला. मागचा फाळका नीट लागला नव्हता, ते तिनंच पाहिलं. "थांब, थांब!" करत अनवाणी धावली, कडी घट्ट बसवली, पत्र्यावर दोनदा थाप मारली. टेम्पो वळणाआड गेला तरी ती रस्त्याच्या कडेला उभी होती. पाण्यानं पांढरी पडलेली, सुरकुतलेली बोटं एकमेकांत गुंतवून.