बंद दाराचं माप

विषय : स्वयंपाकघरातील माझ्या जागेबाबत.
संदर्भ : मी स्वतः. अन्य संदर्भ उपलब्ध नाही.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करतो की, मी एक फ्रीज आहे. रंग राखाडी, दार एक, प्रकृती ठणठणीत. थंड राहणं हा माझा स्वभाव नाही, नोकरी आहे. तेव्हा पुढची हकिकत कोरडेपणाने सांगितली तर राग नसावा.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कारखान्यातल्या एकाच पट्ट्यावरून आम्ही भावंडं एकामागून एक बाहेर पडलो आणि ओळख व्हायच्या आत खोक्यात गेलो. माणसं पाहिली ती दुकानात. फ्रीज घ्यायला आलेला माणूस रिकाम्या फ्रीजमध्ये डोकं घालून बराच वेळ गंभीरपणे बघतो. आत त्याला काय दिसतं ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी निर्णय रंगावर होतो.

मास्तर मात्र वेगळे निघाले. त्यांनी माझं दार उघडलंच नाही. गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं माझं माप घेतलं. उंची, रुंदी, खोली, सगळं दोनदा.

"आतून नाही का बघणार?" दुकानदाराने विचारलं.

"आतलं तुम्ही म्हणाल तसं असेल. मला अंगलट बघायची आहे."

मास्तर हे इस्पितळाचे शिंपी. दिवसभर शिवणखात्यात चादरी आणि रोग्यांचे झगे शिवायचे, संध्याकाळी घरी बाहेरचे कपडे बेतायचे. राहायला इस्पितळाचंच क्वार्टर. त्यांच्या मापाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट बहुतेकांना त्यांच्याकडूनच कळलेली होती.

मी घरी पोचलो तेव्हा मास्तर स्वयंपाकघरात उकिडवे बसून फरशीवर शिंप्याच्या खडूने रेघा मारत होते. खोली चिंचोळी. एका भिंतीला ओटा, त्यावर खिडकीजवळ शेगडी. समोरच्या भिंतीला सिंक. दारातून आत येताच आखूड भिंतीशी एक चौकोन, तो माझा. कारण त्या खोलीतला एकुलता एक प्लग तिथे होता. रेघा इतक्या सरळ, की पुसायला मन होईना.

मास्तरांच्या पत्नी, ज्यांना सगळे शेजारी वहिनी म्हणत, दारात उभ्या राहून हे बघत होत्या.

"आणि मी कुठे उभी राहू?" त्यांनी विचारलं.

"तू काय वस्तू आहेस का तुझा चौकोन काढायला? मधे उरतं ते सगळं तुझंच."

"अहो, पण हा इथे आला तर याचं दार कुठे उघडणार? त्यापेक्षा बाहेरच्या खोलीत ठेवा. तिथेही प्लग आहे."

"तिथे माझं कापायचं टेबल आहे."

"टेबल थोडं सरकवा."

"टेबल सरकवायचं म्हणजे उजेड जातो. इंचभरही चूक नाहीये यात, टेप लावून बघ हवं तर."

वहिनींनी टेप लावून बघितली नाही. लावली असती तरी चूक सापडली नसती. चौकोनात मी असा बसलो, जशी अंगात चोळी. फक्त माझं माप बंद दाराचं होतं. गिऱ्हाइकाला "हात वर करा, जरा वाका, खाली बसून बघा" असं रोज सांगणाऱ्या माणसाने मला एकदाही हात वर करायला सांगितलं नव्हतं.

दार उघडलं की मी ओटा आणि सिंक यांच्यामधली सगळी वाट अडवत असे. वहिनींनी त्यावर उपाय काढला. मला उघडण्याआधी प्रत्येकाने "दार!" असं ओरडायचं, आणि आतल्या माणसाने "हूं" म्हटल्याशिवाय उघडायचं नाही. घरात तो रिवाजच पडला. पाहुणे पहिल्यांदा दचकत. मास्तर एकटे असले तरी ओरडत आणि स्वतःच हूं म्हणून घेत. मेकॅनिकला बोलावून दार उलट्या बाजूने उघडेल का तेही विचारून झालं. त्याने बिजागऱ्या बघितल्या, चहा घेतला आणि "या मॉडेलला ती सोय नाही" असं सांगून गेला.

काही वर्षं अशी ओरडण्यावर निभावली. वहिनी त्या खोलीत इतक्या सवयीने वावरत, की डोळे मिटून शेगडीपाशी वळल्या असत्या तरी हात नेमका सिंकवर गेला असता. त्या गुणगुणायला लागल्या की मलाही माझी घरघर थोडी बेतात ठेवावीशी वाटे.

एका दुपारी त्या बटाटे उकडत होत्या. त्यांची लेक परीक्षेहून उन्हातून आली. पेपर अवघड गेला होता, डोळे भरून आले होते, आणि तिला फक्त थंड पाणी हवं होतं. ती ओरडली नाही. वहिनी पातेलं फडक्यात धरून पाणी ओतायला सिंककडे वळल्या, आणि माझ्या दाराची कड त्यांच्या कोपराला लागली.

वर्णन करत नाही. उजवा हात, मनगटापासून बोटांपर्यंत, आणि थोडं पावलावर. इस्पितळ जवळ असण्याचा फायदा तेवढा झाला.

लेकीने पुढे कित्येक दिवस मला हात लावला नाही. वहिनींनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही, त्यामुळे तिला रडायलाही निमित्त मिळेना.

जखम भरली. बोटं मात्र आतल्या बाजूला वळून राहिली. फिजिओथेरपीच्या बाई घरी येऊन बघून गेल्या. "हात कामात ठेवा," त्या म्हणाल्या. "कणीक मळा, भाजी चिरा, भांडी विसळा. नाहीतर बोटं अशीच आखडून बसतील, मग मलाही काही करता यायचं नाही."

"मळेन की," वहिनी म्हणाल्या. "हा इथून हलला की मळेन. तो तिथे आहे तोवर मी आत पाय ठेवायची नाही. शेगडीकडे पाठ फिरवली की अंगावर काटा येतो."

"मग माझ्या टेबलावर मळ ना," मास्तर म्हणाले.

"तुमच्या टेबलाची कड म्हणजे माझं स्वयंपाकघर नव्हे. आणि कापडावर पीठ सांडलं की कोण ओरडेल?"

त्याच आठवड्यात मास्तरांनी इस्पितळाच्या देखभाल कार्यालयाला अर्ज केला : पलीकडच्या भिंतीवर एक प्लग बसवून मिळावा. क्वार्टरच्या भिंतीत परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही. बाहेरून लांब वायर ओढली तेव्हा आख्ख्या मजल्याचा फ्यूज उडाला होता आणि ताकीद मिळाली होती, म्हणून तोही मार्ग बंद.

"बाबा, बाहेरच्या खोलीत प्लग आहे," लेक म्हणाली.

"तिथे टेबल आहे."

"टेबल हलवा."

मास्तर सुईत दोरा ओवत राहिले. "अर्ज केलाय ना," शेवटी म्हणाले.

अर्जाचा हा मोठा गुण आहे. तो केला की माणसाने काहीतरी केलेलं असतं, आणि आणखी काही करायचं उरत नाही. मास्तर वाईट माणूस नाहीत. वहिनींची वेणी आता तेच घालतात, वाकडी का होईना. रोज सकाळी कार्यालयात डोकावून येतात. पण त्या टेबलाकडे बघताना त्यांचा चेहरा सांगतो, की ते सरकवलं तर पहिल्या दिवशीच सरकवता आलं असतं हे कबूल करावं लागेल.

कार्यालयाने स्वयंपाकघराचा नकाशा मागितला. मास्तरांनी तो स्वतः काढला, टेप लावून, इंच न चुकता. ओटा, शेगडी, सिंक आणि मी. तोही बंद दाराचा. आठवड्याने शेरा आला : नकाशावरून कोणताही अडथळा दिसून येत नाही, तरी खुलासा करावा.

मास्तरांनी तो शेरा वाचला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "दार!" असं हळूच म्हणाले. हूं म्हणायला आत कुणी नव्हतं. त्यांनी माझं दार पूर्ण उघडलं, टेप धरली, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. आतली सगळी थंडी बाहेर गेली.

उघड्या दाराचं माप घालून खुलासा त्यांनी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. टेबल जागेवर आहे.

वहिनी बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसतात. स्वयंपाक लेक करते. डाव्या हाताने त्या उजव्याची बोटं एकेक करून सरळ करतात. सोडली की ती परत मिटतात. पूर्वी करंगळी तरी सरळ राहायची. आता तीही राहत नाही.

माझी बदली कुठेही करावी, माझी हरकत नाही. गच्चीवर ठेवलं तरी चालेल. पण माझं म्हणणं कार्यालयाला ऐकू जात नाही, आणि घरात ते कुणाला नवीन नाही.

अर्ज देखभाल कार्यालयात आहे. खुलासा मिळाल्याची पोच आली आहे. निर्णय अद्याप झालेला नाही.