खांबाला घातलेला वळसा

मित्रांनो, ज्याच्यावर तुम्ही दप्तरं टाकता, बाटल्या ठेवता आणि वर चढून फोटो काढता, तो कोथरूडच्या खो-खो मैदानावरचा जुना लोखंडी रोलर म्हणजे मी.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तिथून ट्रकमध्ये बसून स्वारगेटवरून इथे आलो. तेव्हा मैदान म्हणजे नुसते खाचखळगे. पाणी मारलेली माती दाबून दाबून मी ते सपाट केलं. "माती आहे की गालिचा?" असं एका परगावच्या पंचांनी विचारलं, तेव्हा लोखंडाला जितकं फुगता येतं तितका मी फुगलो. पुढे गंज चढला, कौतुक आटलं. पण रोज संध्याकाळी मुली खेळत, पडत, भांडत. त्यात माझं बरं चाललं होतं.

मग बातमी आली. खो-खोची जागतिक स्पर्धा आमच्या मैदानावर घ्यायची! मैदान सांभाळणाऱ्या आमच्या मंडळाचा चिटणीस चेतन याला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. परदेशी संघ, झेंडे, टीव्हीवर कोथरूडचं नाव! मलाही मोह पडला, खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी माती उपसून सिमेंट घालायचं आणि वर मॅट अंथरायची होती. मैदान दोन वर्षं बंद, आणि पुढे ते मुलींना मिळेलच याची हमी नाही. माझी रवानगी भंगारात.

निर्णय सभासदांच्या मतावर होता, आणि आमच्या मंडळाची मतदानाची रीत न्यारी. मैदानाच्या एका टोकाचा खांब होकाराचा, दुसरा नकाराचा. ज्याने त्याने आपल्या खांबाकडे चालत जायचं. खेळातल्याप्रमाणेच एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही.

सगळे गेले. दोन्हीकडे सारखीच माणसं. मधोमध उरले अध्यक्ष श्रीधरकाका. नकाराच्या खांबापाशी त्यांच्या पत्नी हेमाताई, मुलींच्या प्रशिक्षक. होकाराच्या खांबापाशी चेतन आणि पाहुणे म्हणून आलेले स्पर्धेचे अधिकारी.

काकांचं काही ठरेना. "दोन वर्षं आमच्या मुली खेळणार कुठे?" असं अधिकाऱ्यांना विचारताना ते नकळत त्यांच्याकडे चार पावलं गेले.

"दिशा घेतलीत काका!" चेतन ओरडला. "आता मागे फिरायचं नाही!"

सगळे हसले. मला मात्र भंगाराचा ट्रक दिसू लागला. काका नियमाचे पक्के. ते निमूटपणे होकाराच्या खांबाकडे चालू लागले.

"मुलींची काळजी नको," अधिकारी म्हणाले. "त्यांना पहिल्या रांगेतून सामने दाखवू. अगदी फुकट!"

काका खांबापाशी थबकले.

"आमच्या मुलींना नुसतं बघायची सवय नाही हो," ते म्हणाले. मग खांबाला वळसा घालून ते तरातरा थेट नकाराच्या खांबाकडे निघाले.

"फाऊल! फाऊल!" चेतन ओरडला.

"खांब ओलांडला की दिशा बदलता येते," हेमाताई शांतपणे म्हणाल्या. "चिटणिसांनी अधूनमधून खेळलेलंही बरं असतं."

मित्रांनो, मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! स्पर्धा दुसऱ्या शहरात गेली आणि छान झाली म्हणे. आनंद आहे. इकडे मतदानाच्याच संध्याकाळी चेतन तोंड पाडून माझा दांडा ओढायला आला, कारण मुलींचा सराव थांबणार नव्हता. मी मुद्दाम अडलो नाही.

एकच मागणं आहे. तुमच्या घराजवळचं मैदान अजून जागेवर आहे ना, ते आज जाऊन बघा. आणि बघून परत येऊ नका, गुडघे मळवून या.