दुसरी खुर्ची

दातांचा दवाखाना डॉक्टरीणबाईंच्या नावावर करून देताना म्हाताऱ्या डॉक्टरने एकच अट घातली. मंगळवार-शुक्रवार दुसऱ्या खुर्चीवर आपण पेशंट बघणार, हात चालतील तोवर. चार वर्षं त्याच्या हाताखाली काम केलेली ती पोरगी भली होती. "सर, खुर्ची तुमचीच आहे," म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

म्हाताऱ्याला आपली सही आठवली. तीस वर्षांपूर्वी याच टेबलावर त्याने आपल्या सरांना अगदी हेच सांगितलं होतं.

आणि केलं काय? सरांचे पेशंट एकेक करून आपल्याकडे ओढले. काउंटरवर तेव्हा नुकत्याच लागलेल्या मावशींना एक वाक्य पढवून ठेवलं, "मोठे डॉक्टर कामात आहेत, तुम्ही इकडे या." कसलं काम आणि कसलं काय! सर पार्टिशनपलीकडे पांढरा कोट घालून, चूळ भरायचा ग्लास काठोकाठ भरून, कुणीतरी येईल म्हणून बसलेले असायचे. पार्टिशन जेमतेम खांद्याएवढं. सरांना सगळं ऐकू जात असेल हे याच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं आणि याने कानाडोळा केला. वर्षभराने सर यायचे थांबले. पुढच्याच वर्षी गेले.

सही झाल्यावरही म्हातारा सवयीने रोज सकाळी यायचा, आणि त्याला दुसऱ्या खुर्चीशेजारी ग्लास भरलेला दिसू लागला.

"मावशी, हा कोणी भरला?"

"मी कशाला भरू? तिथे पेशंट कुठेय?"

तो ओतून टाकायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ. म्हाताऱ्याची झोप उडाली.

पहिला मंगळवार आला. इस्त्रीचा कोट चढवून तो दुसऱ्या खुर्चीपाशी बसला. दार वाजलं. आवाज ओळखीचा, वीस वर्षं येणाऱ्या पेशंटचा.

"मोठे डॉक्टर आहेत ना? दाढ त्यांनाच दाखवायचीय."

म्हाताऱ्याने लगबगीने हातमोजे घातले.

"मोठे डॉक्टर कामात आहेत," मावशी म्हणाल्या, "तुम्ही इकडे या."

मावशींच्या मनात काही नव्हतं. वाक्य जिभेवर बसलं होतं, एवढंच. मी मोकळा आहे, असं ओरडून सांगावंसं त्याला वाटलं, पण लाजेने तोंड उघडेना. सरांचंही असंच झालं असणार.

"सर, चुकलं माझं," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. त्याला रडू आवरेना.

शेजारचा ग्लास आज कोणी भरला नव्हता. म्हाताऱ्याने तो काठोकाठ भरला आणि वाट बघत बसला.