चिंचेच्या अलीकडचं दुकान

त्र्यंबकशेटच्या दुकानाचा ओटा सोमवारी पाडला. सहा बेलदार, दोन पहारी, एक घण. न्याहारीच्या वेळेला सुरुवात झाली आणि दुपारच्या जेवणाआधी शेवटचा दगड निघाला. मी समोर उभा राहून सगळं पाहिलं. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

तर असं काही घडलेलं नाही. तिथे ओटा नव्हता, ओट्यामागे दुकान नव्हतं, आणि दुकानात त्र्यंबकशेट तर नव्हताच नव्हता. कचेरीच्या दप्तरात तशी नोंद आहे, खाली पंचांचे अंगठे आहेत. जी वस्तू नव्हती ती पाडता येत नाही. तेव्हा वरचा मजकूर कोणी वाचला असेल तर त्याने तो परत करावा.

आता जे नक्की घडलं ते सांगतो.

ठाण्याच्या स्टेशनापासून तलावाकडे जाणारा आमचा रस्ता. गेल्या वर्षी, म्हणजे अठराशे चौऱ्याऐंशीत, रस्ते-कचेरीच्या मनात आलं की हा रुंद करावा. दोन्ही बाजूंच्या दुकानांचे ओटे रस्त्यात आलेले, ते काढायचे. पण साहेब दयाळू. त्यांनी हुकमात एक सवलत ठेवली: आगगाडी येण्याच्या आधीपासून जे दुकान उभं आहे त्याचा ओटा राहील. आगगाडीला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. इतक्या जुन्या दुकानांचे कागद कोणाकडे असणार? तेव्हा आठवण हाच पुरावा ठरला. दक्षिणेकडच्या रांगेची आठवण उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांनी सांगायची आणि उत्तरेकडची दक्षिणेकडच्यांनी, म्हणजे कोणी स्वतःबद्दल खोटं बोलणार नाही. दुसऱ्याबद्दल खोटं बोलायची सोय साहेबांच्या लक्षात आली नसावी.

आमच्या रस्त्यावर जुनं आठवायची एक पद्धत आहे. संध्याकाळी चार म्हातारे बसले की नाक्यापासून सुरुवात होते. एकाने एकच दुकान सांगायचं, दुसऱ्याने त्याच्या पुढचं, तिसऱ्याने त्याच्या पुढचं. असं तलावापर्यंत जायचं. मागे वळायचं नाही. कोणी दुकान गाळलं तरी माळ पुढे जाते, कारण पुढच्या माणसाचं डोकं स्वतःचं दुकान आठवण्यात गुंतलेलं असतं. रोज शंभर चुका व्हायच्या आणि काही बिघडायचं नाही. कारण ऐकायला कारकून नव्हता.

आमचं दुकान दक्षिण रांगेत. माझे वडील सहदेव कासार, त्यांना मी आप्पा म्हणतो. बांगड्या भरायचं काम. आता कासाराला ओटा कशाला लागतो हे बायकांना सांगावं लागत नाही, पुरुषांसाठी लिहितो. बाई ओट्यावर बसते, कासार समोर बसून तिचा हात हातात धरतो, आणि सगळा रस्ता ते बघत असतो. रस्ता बघतो म्हणूनच त्यात कोणाला वावगं वाटत नाही. तेच काम दुकानाच्या आत, चार भिंतींत केलं तर दुसऱ्या दिवशी कासाराला गाव सोडावं लागेल. त्यामुळे ओटा गेला म्हणजे दुकान गेलं, भिंती उभ्या असल्या तरी. मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला, त्याच ओट्याच्या कोपऱ्यावर बसून लोकांचे अर्ज लिहायचो. माझा कोपरा गेला त्याचं मला फार नाही. थोडं आहे.

दक्षिण रांगेच्या सुनावणीला त्र्यंबकशेट दुसऱ्या जागी बसला होता. समोरच धान्याचं दुकान त्याचं. पोत्यांच्या गाड्या त्याच्या दारात वळवताना बैलांना आमच्या ओट्याची अडचण व्हायची, हे तो दहा वर्षं बोलून दाखवत होता.

पहिला म्हणाला, "दगडू नालबंद."

त्र्यंबकशेट म्हणाला, "विठ्ठल तेल्याचा घाणा."

आणि माळ पुढे गेली. दगडू आणि विठ्ठलच्या मध्ये आप्पा बसले होते, बेचाळीस वर्षं. कारकुनाने मान वर करून विचारलं, "मध्ये हे कासार दिसतात ते?"

"सहदेव होय?" त्र्यंबकशेट म्हणाला. "तो आगगाडीनंतरचा. आगगाडीतूनच उतरला असेल."

सगळे हसले. आप्पासुद्धा थोडं हसले, कारण त्यांना वाटलं चेष्टा चालली आहे. कारकून हसला नाही. त्याने लिहिलं.

आमचा ओटा पाडला त्या दिवसापासून आप्पा साठाव्या वर्षी बांगड्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन दारोदार फिरायला लागले. नौपाड्यापर्यंत, उन्हातून. परत आले की पाठ भिंतीला टेकवायचे आणि एकही शब्द बोलायचे नाहीत. मी मात्र ठरवलं की त्र्यंबकशेटचं दुकान आठवणीतून उपटायचं, मुळासकट.

माझी अडचण अशी की मी आगगाडीनंतर जन्मलो. माझ्या आठवणीला कचेरीत किंमत नव्हती. तेव्हा उत्तर रांगेच्या सुनावणीसाठी जे चार साक्षीदार होते त्यांना गाठलं. पहिली हौसाबाई. कळव्याच्या मिठागरातून मीठ आणून आमच्या रांगेच्या टोकाला बसते, वय तिलाच माहीत नाही. दुसरा दगडू नालबंद, तिसरे आप्पा, चौथा विठ्ठल तेली. उत्तर रांग अशी: गणू शिंपी, मग त्र्यंबकशेट, मग चिंचेचं जुनं झाड, मग हलवाई, मग कुंभार, मग तलाव. म्हणजे हौसाबाईने गणू म्हणायचं आणि दगडूने त्र्यंबकशेटला गाळून थेट चिंच म्हणायचं. झाडाची गरज नव्हती, पण हुकमात 'रस्त्यावर जे जे होते ते' असं लिहिलेलं.

"मी गाळतो," दगडू म्हणाला. "त्याच्या बैलाला नाल ठोकताना लाथ मला बसली आणि त्याने विचारपूस बैलाची केली."

आप्पांना मी काही सांगितलं नाही. आप्पा खोटं बोलत नाहीत. बांगडी हाताला घट्ट बसली तर गिऱ्हाइकाला हात जाड आहे असं तोंडावर सांगतात.

सुनावणीच्या दिवशी कारकून तट्टावर बसून आला आणि तट्टाचा नाल निघालेला. दगडूने ते पाहिलं आणि त्याला राहवेना. त्याने तट्टाचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाला, "तुम्ही चालू करा, मी शेवटी बोलतो."

आता दुसरी पाळी आप्पांची.

"गणू शिंपी," हौसाबाई म्हणाली.

सगळे आप्पांकडे बघत होते. समोर स्वतःच्या ओट्यावर त्र्यंबकशेट मांडी घालून बसला होता, पान जमवत. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग जिथे आमचा ओटा होता त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. तिथून एक धान्याची गाडी आरामात वळत होती.

"चिंच," आप्पा म्हणाले.

त्र्यंबकशेटचं पान हातातच राहिलं. "सहदेव, अरे मी."

"कोण?" आप्पा म्हणाले.

"माझं दुकान समोर दिसतंय की," त्र्यंबकशेट कारकुनाला म्हणाला.

"आत्ता दिसतंय," कारकून म्हणाला. "आगगाडीच्या आधी दिसत होतं का, असा प्रश्न आहे. पुढे."

इथे थांबलं असतं तर ही गोष्ट न्यायाची झाली असती. पण आप्पांसारखा माणूस गाळू शकतो हे बघितल्यावर बाकीच्यांना धीर आला. विठ्ठलची पाळी हलवायाची. हलवायाने त्याच्या बहिणीच्या लग्नातली जिलबी तुपाऐवजी तेलात तळलेली होती, आणि तेल विठ्ठलच्या घाण्याचं नव्हतं.

"कुंभार," तो म्हणाला.

"कुंभार कसला?" दगडू तट्टाच्या पायाआडून म्हणाला. "त्याच्या भट्टीच्या धुराने माझ्या सासूचे डोळे गेले. चिंचेनंतर तलाव."

"सासू तुझी आंधळी जन्माची," विठ्ठल म्हणाला.

"धूर तिला दिसत नव्हता, म्हणून जास्त लागायचा. तलाव लिहा."

मग हौसाबाई कारकुनाच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "माजा गणू शिंपी खोड रे बाबा. माज्या नातवाची बंडी शिवली न् एक बाही आखूड ठेवली. पोरगा वरीसभर हात वाकवून हिंडला. त्यो शिंपी नाय, त्यो कवाच नव्हता."

कारकुनाने खोडलं. कागदावर उरलं ते असं: चिंच, नंतर तलाव.

सोमवारी बेलदार आले. ते मी वर सांगितलंच, म्हणजे सांगितलं नाही.

मी आप्पांना विचारलं, "कसं वाटतंय?"

"बेचाळीस वर्षं मी त्याला रोज रामराम केला," आप्पा म्हणाले. "तेवढे परत हवेत."

उत्तर रांग गप्प बसणार नव्हती. त्यांनी फेरसुनावणी मागितली, तो अर्ज त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला, कारण अर्ज लिहिणारा दुसरा नाही. मी चांगला लिहिला. फेरसुनावणीत उत्तर रांगेने दक्षिणेची माळ पुन्हा सांगितली आणि ती फारच थोडक्यात झाली. गणू शिंपी म्हणाला, "नाका." हलवाई म्हणाला, "तलाव." त्र्यंबकशेट आणि कुंभाराला बोलायला काही उरलंच नाही. त्र्यंबकशेटला फार वाईट वाटलेलं दिसलं.

आठवड्याभरात रस्ता गुळगुळीत झाला. आगगाडीच्या आधीपासून तिथे फक्त एक गोष्ट होती असं सरकारदरबारी सिद्ध झालं, आणि ती म्हणजे चिंचेचं झाड. त्याला हात लावायचा नाही असा खास हुकूम निघाला. झाडाभोवती चुन्याची रेघसुद्धा ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी गाठोडं उचललं, पण नौपाड्याची वाट धरली नाही. चिंचेखाली घोंगडी पसरली आणि बसले. जागा उघडी, चारी बाजूंनी रस्ता बघणारा. बायकांनी अर्ध्या तासात घोंगडी भरून टाकली. ओट्यावर एका वेळी तिघी मावायच्या, इथे सात.

दहाच्या सुमाराला त्र्यंबकशेट आला. डोक्यावर तांदळाचं पोतं, स्वतः उचललेलं. मान घामाने भिजलेली.

"सहदेव, जरा सरक," तो म्हणाला. "दुकानात कोणी चढत नाही, पायरीच राहिली नाही. सावलीत थोडी जागा दे."

आप्पा एका बाईच्या मनगटावर हिरवी बांगडी चढवत होते. ती नीट चढेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"इथे जागा नाही," ते म्हणाले. "इथे मी आगगाडीच्या आधीपासून बसतो."

"काहीतरीच काय. साक्षीदार कोण?"

"तू," आप्पा म्हणाले. "आठवून बघ."

बायका हसल्या. त्र्यंबकशेट झाडाला वळसा घालून पलीकडे, उन्हात जाऊन बसला. पोतं समोर ठेवलं. तांदूळ चांगला असतो त्याचा, ते नाकारत नाही. त्या दिवशी आप्पा पोटभर जेवले आणि माझ्याशी तब्बल तीन वाक्यं बोलले.

पण दुपार कलली तशी एक गोष्ट ध्यानात आली, आणि आप्पांनी घोंगडीवरून मला नुसती मान हलवून खूण केली. मी दौत घेऊन बसलो. तो अर्ज खाली देतो.

*मेहेरबान रस्ते-कचेरीचे मुख्य साहेब यांचे सेवेशी, अर्जदार सहदेव कासार, राहणार ठाणे, याचा विनंती अर्ज ऐसा जे: हुजूरच्या हुकमाने राखलेल्या चिंचेची सावली सकाळी अर्जदाराच्या बाजूस असते, परंतु दोन प्रहर टळताच ती कोणाचीही परवानगी न घेता सरकून पलीकडे बसलेल्या इसमाच्या अंगावर जाते. सदर इसम आगगाडीच्या आधी अस्तित्वात नव्हता, हे हुजूरच्या दप्तरी शाबीत आहे. जो नव्हता त्यास सावली मिळणे कायद्यास धरून नाही. सबब, सूर्यास योग्य ती समज देऊन सावली दिवसभर पश्चिमेस कायम करण्यात यावी, आणि त्याची एक नक्कल सदर इसमास उन्हात वाचून दाखविण्यात यावी.*