दोघांचा बर्गर

पुंजाराम ड्रायव्हर आणि वसंता कंडक्टर अकरा वर्षं एस.टी.च्या एकाच गाडीवर होते. वसंतानं घंटी कशी ओढली एवढ्यावरून पुंजारामला कळायचं, की मागं कुणी म्हातारं माणूस चढतंय का नुसती पोरं लटकलीत. वसंताचा डबा इंजिनाच्या बॉनेटवर, पुंजारामच्या कोपराशी, गरम राहायचा. दुपारी दोघं तो वाटून खायचे.

२००७ च्या मे महिन्यात ड्यूटीचा नवा तक्ता लागला. पुंजारामला अंबड-वडीगोद्रीच्या फेऱ्या आल्या. वसंता औरंगाबादच्या त्याच जुन्या गाडीवर राहिला, आणि त्या गाडीला ड्रायव्हर मिळाला देवानंद. जालन्याचा, तिशीतला, काळा चष्मा लावणारा.

"बरं झालं," पुंजाराम म्हणाला. "लांबच्या गाडीचा मला कटाळाच आल्ता."

पण सकाळी अंबडच्या स्टँडवर ती गाडी लागली, की त्याची नजर आधी बॉनेटवर जायची. डबा तिथंच असायचा, आता दुसऱ्याच्या कोपराशी. देवानंद गाडी मागं घ्यायला लागला की पुंजाराम चहा हातात धरून उभा राहायचा आणि एकदा तरी फलाटाला घासावी अशी वाट बघायचा. गाडी घासली नाही.

जुलैतल्या एका सोमवारी वसंता कँटीनमध्ये आला तो खुशीतच.

"काल देवानंदनं जालन्याला नेल्तं. औरंगाबाद रोडला नवीन हॉटेल झालंय. बियर बाटलीतली न्हाई पुंजा, नळातून काढून देतेत. आन् संगं बर्गर. एवढा." त्यानं दोन्ही हातांनी माप दाखवलं. "आम्ही दोन-दोन मग घेतले."

बियरचं, बर्गरचं पुंजारामला काही वाटलं नाही. तो अडकला 'आम्ही'वर.

"बर्गर म्हंजे वडापावच की," तो म्हणाला.

"न्हाई रे. खाल्ल्याबिगर न्हाई कळायचं तुला."

घरी त्यानं हे सगळं साळूबाईला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सुरू केल्यावर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या वसंतानं सवत आणल्यावाणी करून राह्यलेत तुम्ही."

बुधवारी त्याची सुट्टी होती. डोळे दाखवून येतो म्हणून तो निघाला आणि जालन्यात थेट त्या हॉटेलात गेला. भरदुपारी आत थंडगार अंधार होता. काउंटरवर पितळी तोट्या होत्या. त्यानं तेच मागवलं, एक मग आणि एक बर्गर.

बियर कडू होती, पण बाटलीतल्यासारखी नाकात झोंबत नव्हती. बर्गरला मात्र धरावं कुठून ते कळेना. एकीकडून चावला की दुसरीकडून टमाट्याची चकती घसरायची. पांढरी चटणी मिशीला लागली. आतली कोंबडीची टिक्की गरम होती, मिरी घातलेली, आणि चांगली होती. वाईट असती तर त्याला जास्त बरं वाटलं असतं. वसंता ह्याच खुर्चीत बसला असेल का, कोणाच्या मिशीला काय लागलं म्हणून हसला असेल, हेच त्याच्या डोक्यात चाललं होतं.

तेवढ्यात समोर देवानंद उभा.

"पुंजारामभाऊ? माझा साडू इथं काउंटरला असतो, त्याचा डबा द्यायला आल्तो. आज रजा हाय माझी."

"मी डोळे दाखवायला आल्तो," पुंजाराम म्हणाला.

देवानंदनं मगाकडं पाहिलं. खुर्ची ओढून बसला.

"एक विचारू का भाऊ? गोलापांगरीच्या अलीकडच्या वळणाला तुम्ही गाडी कितव्या गेरात घ्यायचे?"

"का?"

"वसंताभाऊ रोज म्हणतेत, पुंजाराम इथून गाडी काढायचा तर उभ्या माणसाला कळायचं न्हाई. रोज. तुमचं नाव ऐकून ऐकून कान किटले माझे. जरा दोस्ती व्हावी म्हणून इथं आणलं त्यांला, तर दुसऱ्या मगाला पुन्हा तुमचंच काढलं."

पुंजारामनं बर्गरचा मोठा घास घेतला. समोरचा पोरगा खरोखर वैतागलेला होता. वळण तिसऱ्या गेरात घ्यायचं, आणि ब्रेक आधीच मारून ठेवायचा, एवढंच गुपित होतं. पण ते दिलं, तर वसंता रोज त्याचं नाव कशाला काढेल?

"सेकंडला घे," पुंजाराम म्हणाला. "वळणात शिरल्यावर."

शुक्रवारी वसंता कँटीनमध्ये आला तेव्हा त्याच्या कोपराला पट्टी होती.

"काल त्या वळणाला काय केलं ह्यानं काय माहीत. असा झटका बसला, मी दांड्यावर आपटलो. एक बाई लेकराला घेऊन उभी होती, मी धरली म्हणून वाचली."

पुंजारामनं चहा तसाच ठेवला. तो उठला, वसंताच्या मागोमाग गाडीपाशी गेला आणि देवानंदच्या खिडकीखाली उभा राहिला.

"मी खोटं सांगितलं तुला. थर्डला घ्यायची, ब्रेक वळणाच्या आधी. चूक माझी हाय."

देवानंद त्याच्याकडं बघतच राहिला. वसंता दोघांकडं.

"तुम्ही भेटले कुठं?" त्यानं विचारलं.

"त्या हॉटेलात. बर्गर खायला गेल्तो."

कोपराचं वसंता विसरलाच. "दोघं गेल्ते?"

"मी एकटाच गेल्तो. हा मंग आला."

"मला सोडून?" वसंताचा आवाज बारीक झाला. तिकिटांची पेटी त्यानं उगाच उघडली, बंद केली. मग म्हणाला, "बुधवारी मी रजा टाकतो. आपण दोघंच जाऊ."

देवानंदला सगळं ऐकू जात होतं. त्यानं काळा चष्मा लावला आणि वेळ व्हायच्या आधीच गाडी सुरू केली. त्याला काय वाटत असेल, हे साऱ्या स्टँडवर पुंजारामइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. 'तूबी चल' एवढे दोन शब्द पुंजारामच्या ओठांवर आले.

"बुधवारी बराबर बाराला," तो वसंताला म्हणाला, आणि आपल्या गाडीकडं वळला.